पाचपैकी पाच

मालजा या नावाचा अर्थ 'शेवटची'. बान घराण्यात चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने वैतागून हे नाव ठेवलं, वर बसून जो कोणी मुली पाठवतो त्याला समज मिळावी म्हणून. त्याने ती मनावर घेतली नाही. दोन वर्षांनी पाचवी मुलगी झाली. पण सरकारी नोंदीतलं नाव बदलायला खेटे कोण घालणार? त्यामुळे मालजा शेवटची नसूनही जन्मभर शेवटचीच राहिली. कागदावर एक आणि घरात दुसरं, याचं तिला कधीच नवल वाटलं नाही.

दक्षिण कोरियात, किनाऱ्यावरच्या हान्पो शहरात तिचं सगळं आयुष्य गेलं. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि बोलण्याच्या बाबतीत त्या इंजिनांपेक्षाही कंजूष होता. रस्सा कसा झालाय? "बरंय." मुलगी राजधानीला निघून चाललीय, वाईट वाटतंय का? "बरंय." अशा माणसाबरोबर तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसऱ्यांकडून 'अतिशय समाधानी' हे शब्द वदवून घ्यायची भूक लागली, तर त्यात तिचा काय दोष?

ती भूक भागवायची सोय एका कंपनीने केली. पाणी शुद्ध करायची यंत्रं घरोघर भाड्याने देणारी कंपनी. तिचा कारागीर यंत्र दुरुस्त करून गेला की तासाभरात मालजाचा फोन जायचा. "मान्यवर ग्राहक, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?" पाचपैकी गुण. बाहेरच्या माणसाला वाटेल, चार म्हणजे चांगलेच की! आपल्याकडे कोरियात चार म्हणजे नापास. चार मिळालेल्या कारागिराला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून आपल्यातला दोष वाचून दाखवावा लागायचा. म्हणून मालजा खोटं बोलत नसे, नुसता आवाजात थोडा मध घालत असे. "मान्यवर, पाच नाही मिळाले तर त्या पोराला बोलणी बसतात हो." एवढं म्हटलं की पुढचा माणूस विरघळायचा. स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी साचलेलं असताना तिथे उभं राहून लोकांनी तिला 'अतिशय समाधानी' म्हणून सांगितलेलं आहे. दुसऱ्याला आपल्यामुळे बोलणी बसू नयेत, या एका काळजीवर आपल्या देशाचा निम्मा कारभार चालतो. मालजाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते आपोआप उमगलं होतं.

एकोणीस वर्षं तिने हे केलं. मग कंपनीने तेच बोलणारं यंत्र आणलं आणि छप्पन्नाव्या वर्षी मालजा घरी बसली. 'बरंय' ऐकत.

त्याच सुमारास हान्पो शहराचं मनःस्वास्थ्य संकट केंद्र मोठ्या संकटात सापडलं होतं. संकट लोकांचं नव्हे, त्याची केंद्राला सवय होती. संकट मूल्यमापनाचं होतं. जगणं नकोसं झालेल्या माणसांनी फोन करायचा, केंद्राने तो घ्यायचा, गरज पडली तर पथक घरी पाठवायचं, असं हे काम. पण ते चांगलं चाललंय की वाईट, हे कळायला संशोधन हवं. म्हणून प्रांताने तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने दोन वर्षं अभ्यास केला, तीनशे चाळीस पानांचा अहवाल लिहिला आणि त्यातून निष्कर्ष काढला की माणूस वाचला की नाही हे मोजायला अवघड, समाधान मोजायला सोपं. तेव्हा समाधानाला सर्वात जास्त गुण. हान्पोचा नंबर बावीस केंद्रांत बाविसावा आला. केंद्र चालवायचा ठेका जातो की काय, म्हणून केंद्रप्रमुख गुक साहेबांच्या पाचावर धारण बसली, आणि मालजाला बोलावणं आलं.

केंद्रात सगळे एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणत. शिकवत कोणीच नव्हतं. मालजाही पहिल्याच दिवशी 'बान बाई' झाली आणि तिला खिडकीजवळचं टेबल, फोन आणि नियमांचं चोपडं मिळालं. नियम तीन. फोन करून मदत मागितलेल्या प्रत्येकाला महिन्याभरात समाधान विचारायचं. त्याने पाच दिले की 'सेवा यशस्वीरीत्या पूर्ण', फाइल बंद. तीनदा फोन करूनही उचलला नाही तर 'निरुत्तर', मोजणीतून बाद. आणि कुणी एक गुण दिला, म्हणजे 'अतिशय असमाधानी', तर ती तक्रार. तक्रार म्हटलं की पडद्यावर लाल चौकट उघडायची आणि एकाच वेळी नगरभवनापासून प्रांतापर्यंत सगळीकडे घंटा वाजायची. मग केंद्रप्रमुखांनी त्याच दिवशी स्वतः त्याच्या दारात जाऊन माफी मागायची आणि बारा आठवडे, दर आठवड्याला एक, अशा पाठपुराव्याच्या भेटी द्यायच्या. मागे एका गृहस्थाने, केंद्राच्या गाडीने आपली जागा अडवली म्हणून थेट महापौरांना पत्र लिहिलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. थोडक्यात, मरणाच्या दारातून परत आलेल्याला एक फोन आणि गाडी लावायला जागा न मिळालेल्याला बारा भेटी.

मालजाने आपलं कसब पणाला लावलं. "मान्यवर, पाच नाही मिळाले तर आमच्या पथकाला बोलणी बसतात हो." फोनच्या पलीकडची माणसं पाणीवाल्या ग्राहकांपेक्षाही मऊ निघाली. ज्यांना स्वतःचीच दया येत नव्हती त्यांना पथकाची आली. वर्षभरात केंद्र बाविसाव्या नंबरावरून पहिल्यावर गेलं. नगरभवनासमोर अभिनंदनाचा पंधरा हात लांब फलक झुलू लागला, गल्लीतल्या दुकानांना तांदळाच्या वड्या वाटल्या. प्रांताच्या परिषदेत गुक साहेबांनी 'नागरिककेंद्री समाधानाचं हान्पो प्रतिमान' यावर पन्नास मिनिटं भाषण केलं आणि समितीतल्या एका प्राध्यापकांनी ते टिपून घेतलं. ते प्रतिमान त्या वेळी मागच्या रांगेत जेवणाचे डबे मोजत बसलं होतं.

मधे एकदाच तिचा हात अडखळला होता. मार्चमध्ये तिने एक नंबर लावला तर बायकोने उचलला. "ते गेल्या गुरुवारी गेले," बायको म्हणाली. "आमची काही तक्रार नाही हो. तुमचे लोक फोनवर फार चांगलं बोलले होते." मालजाने फोन ठेवला आणि जाऊन गुक साहेबांना विचारलं, हे कुठे लिहू?

"फोनवर ते स्वतः आले का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. कसे येतील?"

"मग निरुत्तर."

गेलेला माणूस असमाधानी नसतो. तो मोजणीतच नसतो. मालजाने 'निरुत्तर'वर खूण केली, दुपारी डबा उघडला आणि भाताचा एक घास खाऊन तो तसाच झाकून ठेवला. तिला लाज वाटली. पण लाजेसाठी पडद्यावर चौकट नव्हती.

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर. घरोघर हिवाळ्याची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायची धांदल उडाली होती आणि केंद्रात मूल्यमापनाची. वर्षाचे आकडे पक्के व्हायला दोन आठवडे उरले होते, सलग दुसऱ्यांदा पहिला नंबर हाताशी होता, आणि गुक साहेबांनी फलकवाल्याला मजकूरही देऊन टाकला होता. एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, मालजाने यादीतला पुढचा नंबर लावला. प्यो दुक-सू, वय सदुसष्ट, शाळेच्या बसचे निवृत्त चालक, एकटे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी संकट केंद्राला फोन केला होता आणि पथक त्यांच्या घरी जाऊन आलं होतं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"मान्यवर ग्राहक, मी संकट केंद्रातून—"

"हो हो, बोला बाई. तुमचीच वाट बघत होतो."

समाधानाच्या फोनची वाट बघणारा माणूस एकवीस वर्षांत मालजाला भेटला नव्हता. तिने प्रश्न वाचला. प्योंनी तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "कमी गुण दिले तर कुणाला बोलणी बसतात का हो?"

"बसतात थोडी," मालजा सवयीने म्हणाली.

"मग पाच लिहा. सगळ्याला पाच लिहा. माझ्यामुळे कुणाला त्रास राहायला नको. काल वाचनालयाची पुस्तकं देऊन आलो. शेजारणीने किमची दिली होती, तो डबा आज परत केला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून सफरचंदं भरून दिली. तुमच्या केंद्रातून फोन येणार असं पथकातल्या पोरी म्हणाल्या होत्या, म्हणून थांबलो होतो. तुम्हीच तेवढ्या राहिला होतात."

पाचकडे गेलेला हात मालजाने मागे घेतला. पाण्याच्या यंत्राबद्दल असं कुणी बोलत नसतं.

"दादा, जेवलात का?" तिने विचारलं. हा प्रश्न चोपड्यात नव्हता.

प्यो हळूच म्हणाले, "तुम्ही बऱ्या असा बाई," आणि फोन ठेवला.

तिने परत लावला, कुणी उचलला नाही. ती उठून पथकाच्या सोल बाईंकडे गेली. सोल बाई एकतीस वर्षांची परिचारिका, चेहरा मात्र चाळिशीचा. सव्वा लाखाच्या शहराला चार जणांचं पथक, त्यातले दोघे आत्ता बंदरावर एका कोळ्याची समजूत घालत होते.

"सोल बाई, प्यो दुक-सू म्हणून आहेत ना, मला त्यांचं काही खरं दिसत नाही."

सोल बाईंनी पडद्यावर पाहिलं. "धोका कमी, असं लिहिलंय. स्वतःच म्हणाले होते, बरं आहे म्हणून. तुम्हाला काय म्हणाले?"

"पाच गुण दिले."

"बान बाई, माझ्यापुढे आज अकरा जण आहेत आणि त्यातले तिघे पाच देण्याच्या अवस्थेत नाहीत." ती तोडून बोलली खरी, पण तिचे डोळे भरले होते. "फाइल बंद होतेय त्यांची. बंद फाइलवर मला गाडी मिळत नाही. सोमवारी काहीतरी करून जाते."

मालजाने पोलिसांना फोन लावला.

"काही धमकी दिली का त्यांनी?" पोलिसाने विचारलं.

"नाही. शेजारणीचा डबा परत केला."

"डबा."

"सफरचंदं भरून. आणि आम्हाला पाच गुण दिले."

"पाचपैकी पाच? मावशी, मग तर माणूस खुशीत दिसतोय की!"

मालजा पुन्हा आपल्या टेबलाशी येऊन बसली. पडद्यावर प्योंची फाइल उघडी होती. पाचवर टिचकी मारली की यशस्वीरीत्या पूर्ण. बावीस केंद्रांत पहिला नंबर आणणारी बाई त्या पाचाकडे बघत राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला. बोलणी बसतात हो, बोलणी बसतात हो! मरायला निघालेल्या माणसाला तिने आणखी एकाची काळजी वाहायला लावली होती. गेल्या दोन वर्षांत अशा किती जणांची दारं या गोड आवाजाने बंद करून टाकली असतील?

आपले लोक मरणाला भीत नाहीत, तक्रारीला भितात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने एकवर टिचकी मारली. लाल चौकट उघडली. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात तिने लिहिलं: 'कोणीच येत नाही. फार राग आलेला आहे. महापौरांना पत्र लिहिणार आहे.'

चार मिनिटांत गुक साहेबांच्या खोलीतून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

वीस मिनिटांत केंद्राची गाडी निघाली. कुठून आली कोण जाणे, पण गाडी मिळाली. बंदरावरच्या दोघांपैकी एकाला वाटेत उचललं. सोल बाई, गुक साहेब, साहेबांच्या मांडीवर माफीसाठी जीवनसत्त्वाच्या सरबताच्या बाटल्यांचं खोकं, आणि "तुम्हाला असल्या लोकांशी बोलता येतं" म्हणून मागे कोंबलेली मालजा. साहेब वाटभर माफीची तालीम करत होते. "आमच्या हातून घडलेल्या अक्षम्य... की अक्षम्य नको? उणिवेबद्दल म्हणू?" मालजा खिडकीतून बघत मनात एकच म्हणत होती, दार उघडा दादा, दार उघडा.

सातव्या मजल्यावर प्योंनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. समोर चार माणसं कमरेत वाकून उभी.

"मान्यवर ग्राहक, आमच्या हातून घडलेल्या उणिवेबद्दल..." साहेबांनी जमिनीकडे बघत सुरुवात केली.

"उणीव? कसली?" प्यो गोंधळले. "मी तर पाच दिले होते."

साहेबांची मान वर आली ती थेट मालजाकडे वळली. पण तोवर सोल बाई साहेबांच्या काखेखालून आत शिरली होती. तिने एकदा खोलीभर नजर फिरवली. भिंती पुसलेल्या, भांडी उपडी, अंथरुणाची घडी दोरीने बांधलेली, टेबलावर तीन पाकिटं आणि प्रत्येकावर नाव. ती खाली बसली, त्यांच्या समोर, आणि सरळ विचारलं, "काका, आज जीव द्यायचं ठरवलं होतंत का?"

प्यो खाली बसले आणि म्हणाले, "हो."

साहेब खोकं हातात धरून उंबऱ्यात उभेच होते. ते कुठे ठेवावं, हे त्या तीनशे चाळीस पानांत नव्हतं.

प्योंना त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. ते नऊ दिवस तिथे राहिले. नवव्या दिवशी घरी आले आणि मंगळवारी सोल बाईंची पहिली भेट झाली, कारण नियम म्हणजे नियम, तक्रारदाराला बारा भेटी. पुढचा शुक्रवार हा आकडे पक्के करायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाच वाजता प्रांताचा पडदा बंद होणार होता. चार वाजता गुक साहेब मालजाच्या टेबलाशी आले. त्यांनी दार लोटून घेतलं, म्हणजे बोलणं गोड असणार होतं.

"बान बाई, तुम्ही एक जीव वाचवलात. मी स्वतः मानतो. पण नोंद खोटी आहे. आणि त्या एका एकाने आपण दुसऱ्या नंबरावर जातोय."

"जाऊ की."

"फलक छापून आलाय!" साहेबांनी आवाज आवरला. "हे बघा, तो गृहस्थ माझ्यासमोर म्हणाला, पाच दिले होते म्हणून. तेवढं दुरुस्त करा. खोट्या नोंदीचा विषय मी तिथेच मिटवतो. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग तुमची ही खुर्ची काही राहत नाही."

"पाच केले की फाइल बंद होते, साहेब. मंगळवारी कुणी जाणार नाही."

"सोल बाई बघतील ना काहीतरी."

फाइली उचलायला आलेली सोल बाई लोटलेलं दार उघडून तिथेच थबकली होती. "बंद फाइलवर मला गाडी मिळत नाही, साहेब," ती म्हणाली. "गाडीच्या नोंदवहीवर तुमचीच सही आहे."

अठ्ठावन्न वय. ही खुर्ची गेली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि घरी 'बरंय' होतंच. पण साहेब एक गोष्ट बरोबर बोलत होते, नोंद खोटी होती. तो एक प्योंनी दिलेला नव्हता.

"मग त्यांनाच विचारते," ती म्हणाली, आणि फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा करून नंबर लावला. बोलणं टेपवर जात होतं. समाधानाच्या फोनमध्ये वरिष्ठ मधे बोलला तर केंद्र बाद, हा समितीचाच नियम होता. साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"प्योदादा, मी मालजा. जेवलात का?"

"जेवलो. मुळ्याचा रस्सा केला होता." मग लगेच, काळजीने, "बाई, त्या साहेबांना सांगितलं मी, पाच दिले होते म्हणून. तुम्हाला काही बोलले नाहीत ना?"

"बोलतायत. इथंच उभे आहेत."

"अरे देवा! मग लिहा की पाच! मी काय सही करून देऊ?"

मालजाने एकदा डोळे मिटले. एकवीस वर्षांचा मध गळ्यापर्यंत आला होता, तो तिने गिळला.

"नीट ऐका दादा. मी गोड काही बोलणार नाही. पाच दिलेत तर फाइल बंद, मंगळवारी सोल बाई येणार नाहीत. एक दिलात तर अजून अकरा आठवडे यावंच लागेल. तुम्हाला खरंच जे वाटतं ते सांगा."

"एक दिला तर तुमच्या केंद्राचं काय?"

"नंबर खाली जाईल."

"आणि तुमचं?"

"मला बोलणी बसतील. कदाचित घरी बसावं लागेल."

"छे छे. नको. माझ्यामुळे तुम्हाला—"

"तुमच्यामुळेच!" मालजाचा आवाज चढला. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "होऊ दे की एकदा तुमच्यामुळे कुणाला त्रास! सदुसष्ट वर्षांत कुणाला काडीचा त्रास दिला नाहीत, आणि त्यापायी निघाला होतात कुठे? माझं मी बघून घेईन. तुम्ही तुमचं सांगा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून बावीस.

"तशी," प्यो चाचरत म्हणाले, "एक ती गाडी."

"कसली गाडी?"

"पहिल्या वेळची. मी फोन केला सकाळी अकराला, आली तीनला. चार तास! बरं आली ती आली, थेट खिडकीखाली लावली, वर दिवा फिरता ठेवून. आणि पाठीवर 'आत्महत्या प्रतिबंध' अशी ही एवढाली अक्षरं असलेली जाकिटं. सात मजले गॅलरीत उभे होते बघायला. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये कोणी माझ्याशी बोलत नाही. शेजारणीने डबा दिला तोसुद्धा दाराबाहेर ठेवून घंटी वाजवून पळाली."

सोल बाईने खाली मान घातली आणि तिथलाच एक कागद ओढून लिहून घ्यायला लागली.

"मग?" मालजा म्हणाली.

"मग एक चेंडू दिला मला. दाबायला. मी काय मांजर आहे? आणि एक पत्रक, श्वास कसा घ्यायचा. एवढी बारीक अक्षरं, की वाचता वाचताच श्वास अडकतो." आवाज आता खणखणीत झाला होता, मागच्या सीटवरच्या पोरांना दटावणाऱ्या बसचालकाचा. "फोन केला तेव्हा सहा मिनिटं गाणं ऐकवलं. कसलं, तर लग्नातल्यासारखं! आणि ते सरबत. बाई, मला मधुमेह आहे, हे मी तीन जणांना तीनदा सांगितलंय. कागदावर कोणी लिहितं की नाही?"

गुक साहेब भिंतीला टेकले. चार वाजून चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. बंद होऊन गेलेल्या फाइलींमधल्या माणसांनी जे कधी सांगितलं नाही ते एकटे प्यो सांगत होते, आणि समितीला दोन वर्षांत जे सापडलं नव्हतं ते सोल बाईच्या कागदावर दोन्ही बाजूंनी भरलं होतं.

"तर मग गुण किती, दादा?" मालजाने विचारलं.

"एक," प्यो म्हणाले. आणि मग, थांबून, "शून्य असतं का?"

"नसतं."

"मग एकच लिहा. अतिशय असमाधानी."

मालजाने साहेबांच्या डोळ्यांदेखत एकवर टिचकी मारली. या वेळी नोंद खरी होती.

"आणि मंगळवारी किती वाजता येणार त्या?" प्योंनी विचारलं.

"दहा वाजता."

"दहा म्हणजे दहा. मी खिडकीत बसून असणार आहे. दहा वाजून पाच मिनिटं झाली की मी तक्रार करणार. पुढच्या मंगळवारीही करणार. त्याच्या पुढच्याही. आत्ताच सांगून ठेवतो."